पाचव्या फुलाचा नगारा

एक होतं शहर, आणि त्या शहराला होता एक घाईचा राजा.

कुठलं शहर? जपानातलं. हो, तुमचा मामा असतो ना, तिकडचंच. गेल्या साली मी गेले होते त्याच्याकडे, चेरीची फुलं बघायला. मामा म्हणाला, "आई, कधीही ये." कधीही म्हणे! मी पोचले तर फुलं संपलेली, पाकळ्या सगळ्या गटारात. अशी चिडले मी! मग मामाच्या शेजारच्या आजीने मला चहा दिला आणि ही गोष्ट सांगितली. तिला मराठी येईना, मला जपानी येईना. अर्धी तिने हातवारे करून सांगितली, अर्धी मी लावून घेतली. निहार, पाय आत घे. रेवू, तू हूं म्हणत राहा, नाहीतर मी थांबेन.

तर बरं का, त्या शहराच्या मधून एक नदी वाहायची. नदीच्या वर देऊळ, शंभर पायऱ्यांचं. देवळाच्या वर डोंगर. तिन्ही ठिकाणी चेरीची झाडंच झाडं. पण सगळी एकदम फुलायची नाहीत हं. आधी नदीकाठ. मग आठ दिवसांनी देऊळ. मग आणखी आठ दिवसांनी डोंगर. आणि प्रत्येक ठिकाणी बहार आठच दिवस. नववा दिवस उजाडला की संपलं.

आणि या सगळ्यांच्या आधी फुलायचं एकच झाड. ते होतं राजवाड्याच्या दाराशी. म्हातारं, वाकलेलं, पाच फांद्यांचं. प्रत्येक फांदीवर एकेक अशी पाच फुलं उमलली, की नगारा वाजायचा. नगारा वाजला की नदीकाठच्या कळ्या डोळे उघडायच्या. तोवर कोणी झाडाखाली चटई टाकायची नाही, डबा उघडायचा नाही. चार फुलांवर नगारा नाही, असा त्या शहराचा नेमच होता.

नगाऱ्याचा मान होता ओकिनू नावाच्या बाईचा. आधी तिच्या वडिलांचा, मग तिचा. रोज सकाळी ती झाडाखाली उभी राहायची आणि मान वर करून फुलं मोजायची.

एकदा काय झालं, राजाची आई आजारी पडली. सगळे तिला आईसाहेब म्हणायचे. आपल्याकडे दिवाळी होते ना, त्या सुमाराला तिने अंथरूण धरलं. वैद्य आले, नाडी बघितली आणि राजाला बाजूला घेऊन म्हणाले, "महाराज, चैत्र निघेल असं वाटत नाही. आणि घराबाहेर न्यायचंच तर एकदा. एकच फेरी सोसेल त्यांना."

आईसाहेबांचे कान तिखट. त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "एकच ना? मग ती फुलांची. मला एकदा फुलं दाखव रे बाबा, मग मी जायला मोकळी."

झालं! राजा मुळातच घाईचा. त्यात आईचं प्रेम. त्याला वाटलं, झाडं थंडीत काकडतात, म्हणून फुलायला उशीर लावतात. त्यांना ऊब दिली तर लवकर फुलतील. मग त्याने हुकूम सोडला. गावातल्या एकूण एक झाडाला पेंढ्याच्या चटया गुंडाळल्या. प्रत्येक झाडाखाली शेगडी ठेवली. अख्खा हिवाळा निखारा विझू दिला नाही.

ओकिनूच्या मनात पाल चुकचुकली. पण तिलाही वाटत होतं, आईसाहेबांना फुलं दिसावीत. म्हणून ती गप्प बसली. इथेच चुकली बाई.

मग वसंत आला. पाखरं बोलायला लागली. चटया सोडल्या, आणि बघतात तो काय, एका झाडावर एक कळी नाही! पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. वाड्यात आईसाहेबांचा श्वास रोज थोडा थोडा कमी होत होता.

ओकिनूने दाराशी असलेल्या झाडाला कान लावला. आत काय ऐकू आलं असेल? घोरणं! होय, झाड घोरत होतं. ती नदीकाठी धावली, तिथलीही झाडं घोरत होती. देवळाकडे धावली, तिथेही तेच. ती परत आली आणि तिने म्हाताऱ्या झाडाला गदागदा हलवलं.

"ऊठ रे बाबा, वसंत आला!"

झाड झोपेतच पुटपुटलं, "कसला वसंत? अजून हिवाळा कुठे झालाय? थंडीची म्हातारी येते, बोट लावून जाते, मग आम्हाला कळतं हिवाळा झाला. यंदा ती आलीच नाही. झोपू दे मला." आणि पुन्हा घोरायला लागलं.

शेगड्या कोणी ठेवल्या, चटया कोणी बांधल्या आणि गप्प कोण बसलं, हे ओकिनूला लख्ख कळलं. ती तशीच निघाली, थंडीच्या म्हातारीला शोधायला.

नदीकाठी तिला एक डबकं दिसलं, वरून गोठलेलं. म्हणजे म्हातारी इथून गेली होती. देवळाच्या शंभराव्या पायरीवर तिला पांढरं दहिवर दिसलं, अजून न वितळलेलं. म्हणजे म्हातारी जवळच होती. ओकिनू धापा टाकत डोंगर चढली. आणि अगदी माथ्यावर, खडकाच्या आड, थंडीची म्हातारी आपलं बोचकं बांधत बसली होती. उत्तरेला निघालेली. आणखी थोडा उशीर झाला असता ना, तर गेलीच होती.

ओकिनूने तिचे पाय धरले. तळहात बधिर झाले तरी सोडले नाहीत.

"आजी, परत चल. झाडांना बोट लाव."

"बोट?" म्हातारी कडाडली. "ही बघ माझी बोटं!" तिने हात पुढे केले. दहाही बोटांवर फोड. "दर वर्षी येते, कोणाचं वाकडं करत नाही. यंदा ज्या झाडाकडे जावं तिथे निखारे. दारं लावलीत माझ्या तोंडावर!"

"चुकलं आमचं, आजी. माझंही चुकलं. मला कळत होतं आणि मी बोलले नाही."

म्हातारीने तिच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "तीन दिवस येईन. त्या तीन दिवसांत गावात चूल नको, शेगडी नको, दिवा नको. एक निखारा जरी दिसला, तर असेन तिथून निघून जाईन."

"पण आमच्या आईसाहेब आजारी आहेत. त्यांच्या उशाशी शेगडी आहे, तिच्यावरच त्या जगताहेत. त्यांना तेवढं सोड."

"मी कोणाला सोडत नाही आणि कोणाला निवडत नाही," म्हातारी म्हणाली. "वाटेत येईल त्याला हात लावते. तुझं तू ठरव."

आता काय करायचं, सांगा बघू? थंडी आणावी तर आईसाहेब जायच्या. नाही आणावी तर फुलं न बघताच जायच्या. ओकिनू डोंगर उतरली आणि तिने वाड्यात जाऊन जे झालं ते सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

राजा भडकला. "आईच्या उशाची शेगडी विझवू? डोकं फिरलंय तुझं!"

आतून आवाज आला, बारीक, पण खणखणीत. "शेगडी माझ्या उशाची आहे ना? मग विचारायचं मला." आईसाहेब उठून बसल्या होत्या. त्यांनी स्वतः तांब्या उचलला आणि शेगडीवर ओतला. चर्र झालं. खोलीभर वाफ झाली.

मग गावातल्या सगळ्यांनी चुली विझवल्या. थंडीची म्हातारी वेशीतून आत आली.

पहिल्या दिवशी ती नदीकाठी फिरली. एकेका झाडाला बोट लावत गेली. लोक घरात गारढोण भात खात, एकमेकांना चिकटून बसले. दुसऱ्या दिवशी ती देवळापाशी आणि डोंगरावर फिरली. हंड्यातलं पाणी गोठलं. आईसाहेबांचे ओठ निळे पडले, हात दगडासारखे गार झाले. गावातल्या बायकांनी आपापल्या दुलया आणून त्यांच्यावर घातल्या. ओकिनू त्यांच्या पायाशी बसून राहिली. तिला एकसारखं रडू येत होतं. आपण यांना मारतोय की काय, असं तिच्या मनात येई.

तिसऱ्या दिवशी म्हातारी वाड्याच्या दाराशी आली. शेवटचं झाड. तिने पहिल्या फांदीला बोट लावलं. दुसऱ्या फांदीला लावलं. तिसरीला लावलं.

आणि वर काय चाललं होतं? राजाला राहवेना. आईचे निळे ओठ त्याला बघवेनात. शेजारच्या खोलीत जाऊन त्याने गुपचूप एक निखारा पेटवला. एवढासा, हं. सुपारीएवढा.

म्हातारीने चौथ्या फांदीला बोट लावलं आणि नाक वर केलं. धुराचा वास! ओकिनूलाही तो वास आला. ती धावत शेजारच्या खोलीत गेली, तिने राजाच्या हातून चिमटा ओढला आणि निखारा पाण्यात टाकला. मग खिडकीतून खाली बघितलं. दाराशी कोणीच नव्हतं. थंडीची म्हातारी निघून गेली होती.

राजा खाली मान घालून उभा राहिला. पहिल्यांदाच त्याला कसली घाई नव्हती.

मग ऊन पडलं. चुली पेटल्या. आईसाहेबांच्या उशाशी पुन्हा शेगडी आली, पण त्यांचे हात काही गरम होईनात. हातात म्हातारीची थंडी बसली होती ना! वैद्य म्हणाले, "आता दिवसही मोजू नका."

दाराशी असलेलं झाड मात्र जागं झालं. एका सकाळी एक फूल. दुसऱ्या सकाळी दोन. मग तीन, मग चार. सगळं शहर चटया गुंडाळून, डबे बांधून वाट बघायला लागलं. पाचव्या फांदीवर कळी होती, पण मिटलेली. एक दिवस गेला. दोन दिवस गेले. तीन गेले. पहिल्या फुलाच्या पाकळ्या कडेने सुकायला लागल्या. पहिलं गळून पडलं असतं, तर मग पाच कधीच झाली नसती. नगारा नाही. नदी नाही, देऊळ नाही, डोंगर नाही.

राजा खाली आला. "ओकिनू, वाजव. चारच आहेत, पण वाजव. आई ऐकेल तरी."

ओकिनू म्हणाली, "महाराज, चारावर वाजवला तर नदीकाठ उघडणार नाही. आईसाहेबांची एकच फेरी आहे. तुम्ही त्यांना मेण्यातून न्याल, आणि त्या काय बघतील? काटक्या?"

राजाने वर जाऊन आईला खरं काय ते सांगितलं. निखाऱ्याचंही सांगितलं. लहान मुलासारखा रडला.

आईसाहेबांनी त्याला रडू दिलं. मग म्हणाल्या, "मला खाली ने. त्या झाडापाशी."

"आई, एकच फेरी आहे! चार फुलांवर घालवायची?"

"माझी आहे, मी घालवीन."

मग मेणा आणला. आईसाहेबांना खाली आणलं. गाव सगळं भोवती जमलं. आईसाहेबांनी वर बघितलं. एक, दोन, तीन, चार. मग पाचव्या फांदीकडे बघितलं. फांदी वाकलेली होती, हाताला येईल इतकी खाली.

"ओकिनू," त्या म्हणाल्या, "माझा हात धर बघू."

ओकिनूने हात धरला आणि ती दचकली. तोच गारठा! डोंगरावर पाय धरले होते तेव्हा लागला होता, अगदी तोच. तिने चटकन आईसाहेबांकडे बघितलं. आईसाहेब हसत होत्या. त्यांना केव्हाचं कळलं होतं.

ओकिनूने त्यांचा हात वर उचलला. आईसाहेबांनी ते गार बोट पाचव्या फांदीला लावलं.

काही झालं नाही. राजाने डोळे मिटून घेतले.

मग कळी हलली. एक पाकळी सुटली. मग दुसरी, मग तिसरी. हळूहळू, बरं का, अजिबात घाई न करता, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फूल उमललं.

"पाच," आईसाहेब म्हणाल्या.

ओकिनूने असा नगारा वाजवला, असा वाजवला, की डोंगरापर्यंत ऐकू गेला. खाली नदीचे दोन्ही काठ एका दमात गुलाबी झाले. लोक ओरडत, हसत चटया घेऊन पळाले. आणि राजाने आईचा हात हातात घेतला, तर तो गरम! बोटातली सगळी थंडी झाडाला देऊन झाली होती. आईसाहेबांचे ओठ लाल झाले. त्या म्हणाल्या, "सत्तर वर्षं फुलं बघितली, पण उमलताना कधी बघितलं नव्हतं. चला, आता नदीवर. मला भूक लागली आहे."

एकाच फेरीच्या त्यांनी तीन केल्या. त्या दिवशी नदीकाठ, आठ दिवसांनी देऊळ, आणखी आठ दिवसांनी डोंगर. वैद्य डोकं खाजवत मागून चालत होते.

पुढच्या हिवाळ्यात कोणी झाडांना काही गुंडाळलं नाही. एका संध्याकाळी वाड्याचं दार वाजलं. राजा उठला, पण आईसाहेब त्याच्या आधी पोचल्या. त्यांनी दार सताड उघडलं. बाहेर थंडीची म्हातारी उभी होती, बोटांचे फोड बरे झालेली.

"ये बाई," आईसाहेब म्हणाल्या. "पहिल्यांदा पाचवी फांदी."

मग ती सगळी माणसं सुखाने राहिली, आणि झाडंसुद्धा. रेवू झोपली का? झोपली. निहार, तूही डोळे मीट. झोप पुरी झाली की मी उठवते.