ठकू बेलदारणीचं खिंडार

भिवरकोटाचा तट यादवांनी बांधला, सुलतानांनी उंच केला, आणि तो उघडला आमच्या ठकू बेलदारणीनं. कसा, ते ऐका.

फार वर्षांपूर्वी कोटावर निजामशाहीचं निशाण होतं आणि बाहेर मोगलांची फौज. सगळं शहर आत कोंडलेलं. दाणे संपले, लोक चिंचेचा पाला खायला लागले. अशात तोफेनं तटाला खिंडार पडलं. किल्लेदारानं ठकूला बोलावलं, कारण तिच्या हातचा चुना दगडाला सोडत नसे, असं म्हणतात. त्या काळी तटाच्या चुन्यात गूळ आणि उडदाचं पीठ मळत. तर किल्लेदारानं कोठारातून काय काढावं? गुळाच्या ढेपा आणि उडदाची पोती! अहो, घरोघरी पोरं भुकेनं माना टाकतायत, आणि उडीद भिंतीला!

ठकूनं पदर खोचला. गूळ-उडीद पोरांना वाटून टाकला आणि खिंडार नुसत्या चुन्यानं बुजवायला घेतलं. किल्लेदार बघायला आला. चुना चाखायची रीत होती. त्यानं बोट जिभेला लावलं.

"गूळ कुठाय गं?"

"जायचा तिथं गेला, सरकार. पोरांची तोंडं चाखून बघा."

किल्लेदारानं तिला त्याच खिंडारात चिणलं. जिवंत! तिच्याच थापीनं, तिच्याच चुन्यानं. आणि सगळं गाव बघत राहिलं हो!

सकाळी बघतात तर तेवढीच भिंत गायब! रक्त नाही, हाड नाही, धोंडासुद्धा पडलेला नाही. माणूस तिरपं होऊन निघेल एवढी वाट, आणि गुळाचा घमघमाट. बायका पोरांना कडेवर घेऊन त्यातून बाहेर पडल्या. समोर फौज उभी. गोलंदाज हातात बत्ती धरून तसेच थिजले. एकही तोफ उडाली नाही, असं म्हणतात.

पुढं मोगलांनी ती वाट बुजवली, ती उघडली. पेशव्यांच्या सरदारानं शिसं ओतलं, तरी उघडली. इंग्रज साहेबानं सिमेंट थापलं आणि दुसऱ्या दिवशी टोपी काढून डोकं खाजवत बसला, असं म्हणतात.

आजही भिवरकोटात कुणी कंपाउंड बांधलं, तर शेजारच्या अंगाला पातेलं जाईल एवढा झरोका ठेवतात. त्याला ठकूबाई म्हणतात. पलीकडच्या सुलभाताईंचा आणि माझा दिवाळीपासून अबोला आहे. काल त्यांच्याकडं अचानक पाहुणे आले. ठकूबाईतून रिकामं पातेलं आत आलं, मागं नुसता हात. मी आमटी काठोकाठ भरून दिली.