अग्निशिखेचा तिसरा पावसाळा

एका राज्यात विक्रांतसेन नावाचा राजा होता. शिकारीच्या भरात त्याच्या घोड्याने ऊर्ध्वजट मांत्रिकाच्या साऱ्या फुलवेली तुडवल्या. मांत्रिकाने शाप दिला आणि राजा त्या रानातच पाषाण झाला.

राजाची धाकटी बहीण चारुमती मांत्रिकापुढे हात जोडून उभी राहिली. त्याने तिला नांगराच्या फाळासारखा वाकडा कंद दिला.

“ही अग्निशिखा. पाषाणाच्या पायाशी लाव. वेल खांद्यावर चढून लाल फुलली, तर राजा उठेल. मुदत तीन पावसाळ्यांची.”

पहिल्या पावसाळ्यात कोंब आला. चारुमतीने घाईघाईने तो रेशमी दोऱ्याने पाषाणाला बांधला. दोरा रुतला आणि कोंब तुटला.

दुसऱ्या पावसाळ्यात कंदाला पुन्हा कोंब फुटला. आता तिने बोटही लावले नाही. पण गुळगुळीत पाषाणावर वेल चढेना. ती मातीत लोळली, पिवळी पडली, सुकून गेली. चारुमतीला रडू कोसळले.

“राजकन्ये, का रडतेस?” पाषाणावर बसलेल्या साळुंकीने विचारले.

“वेल मेली.”

“वेल निजली. कंद जागा आहे. तिचे हात पाहिलेस?”

चारुमतीने सुकलेले पान उचलले. त्याचे टोक विंचवाच्या नांगीसारखे वळलेले होते. एवढ्याशा टोकात मावेल असे काहीतरी बारीक हवे, हे तिला तेव्हा उमगले.

तिसऱ्या पावसाळ्याआधी तिने करवंदीच्या काटक्या पाषाणाभोवती रोवल्या. हात रक्ताळले. मग वेल आली. एकेका पानाच्या टोकाने काटकी धरत, वर सरकत ती खांद्यापर्यंत पोचली. पाऊस सरता सरता कळी उमलली. पाकळ्या ज्वाळेसारख्या वर वळलेल्या, पण रंग हिरवट.

प्रधान घाबरला. “राजकन्ये, मुदतीचे तीनच दिवस उरले. कुंकवाने रंगवू या.”

“नको, प्रधानजी. एकदा घाई केली, तर वर्ष गेले.”

तिने हे म्हटले खरे, पण तिला अन्न गोड लागेना. दुसऱ्या दिवशी फूल पिवळे झाले. तिसऱ्या दिवशी ऊन कलताना पाकळ्यांच्या टोकांना लाली चढली, ती खाली उतरत गेली, आणि सारे फूल निखाऱ्यासारखे पेटले.

पाषाणाने श्वास घेतला.

राजाने पाऊल उचलले. वेल ताणली गेली, तसे त्याने ते पुन्हा खाली ठेवले.

“चारुमती, ही कोण?”

“हिनेच तुम्हाला उठवले, दादामहाराज.”

राजाला न्यायला आलेली सेना खोळंबली होती, शिंगे वाजत होती. राजा मात्र आपल्या अंगरख्यात गुंतलेली पानांची टोके एकेक करून सोडवीत राहिला. सगळी सुटली, तेव्हा तो सिंहासनाकडे निघाला, पायीच. राज्याची घडी पुन्हा बसली.