एकतीस पाने आणि सतरावे दार

“तीस पाने सुधारली, एक राहिले. यात माझा अपराध कितीसा, महाराज?”

शिष्य नरहरीने अच्युताश्रम महाराजांना विचारले. संन्यास घेण्यापूर्वी त्यांनी तंत्रनिकेतनात वीस वर्षे पीएचपी ही संगणकाची भाषा शिकवली होती. मठाचे संकेतस्थळ मात्र त्यांनी नरहरीवर सोपवले होते.

दर्शनाची वेळ बदलली होती. एका पानावर जुनीच राहिली. ती वाचून आज सकाळी एक वृद्धा दोन एसटी बदलून आली. गाभारा बंद झाला होता, आणि तो उघडण्याआधीच तिची परतीची गाडी होती, म्हणून तिला आज मठातच मुक्काम करावा लागणार होता.

“मी तुला फंक्शन लिहायला सांगितले होते. वेळ एकाच जागी ठेवावी आणि प्रत्येक पानाने ती तिथूनच मागावी.”

“तो मला आळशाचा मार्ग वाटला. नाम आपण सहस्र वेळा घेतो. मग चार ओळी एकतीस ठिकाणी लिहायला मी का कंटाळावे?”

“जप तुझ्यासाठी असतो. दाराची वेळ येणाऱ्यासाठी.”

“पण मी कष्ट केले, महाराज.”

“केलेस...”

पंगतीची वेळ झाली. रोज स्वयंपाकघराच्या दारात एकदा शंख वाजे आणि सतराही खोल्यांतून माणसे निघत. महाराजांनी शंख उचलला, अंगावरच्या भगव्या छाटीत गुंडाळला आणि काठी घेतली.

त्यांनी पहिले दार ठोठावले. “पंगत बसते आहे.”

मग दुसरे. मग तिसरे...

नरहरी मागून धावला. “महाराज, शंख आहे ना हाताशी. आपले गुडघे...”

“कष्ट करतो आहे.”

सोळाव्या दाराशी ते भिंतीला टेकले. त्यांना धाप लागली होती.

“एक राहिले,” महाराज म्हणाले.

नरहरीने पाहिले. सतराव्या खोलीत त्या आजींना उतरवले होते. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हते.

त्याची मान खाली गेली.

“आत्ताच बसतो, महाराज. फंक्शन लिहितो. पुन्हा एकही पान चुकणार नाही.”

महाराजांनी छाटीतून शंख काढून त्याच्या हाती दिला.

“ते जेवणानंतर. उद्यापासून हा तू वाजव...”

नरहरीने शंख ओठांशी नेला. महाराजांनी त्यावर हात ठेवला.

“त्या दाराशी मात्र चालत जा.”