कोतवालाचा पट्टा

“...मग मलाच का चावला त्यो?”

मायाप्पानं चिंधी बांधलेला हात सिदूबुवांच्या नाकाखाली धरला. भर दुपारची वेळ. माळावरच्या बिरोबाच्या देवळात बुवा तंबाखू मळत बसले होते. त्यांनी हाताकडे पाहिलंसुद्धा नाही.

मायाप्पा मेंढरांचा मोठा मालक आणि पंचक्रोशीतला नामांकित तापट माणूस. रागावर काही औषध मिळेल म्हणून त्यानं बुवांना गुरू केलं. बुवा स्वतःच जमदग्नी निघाले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

बाहेर लिंबाखाली त्याचा टेम्पो उभा होता. मागच्या हौद्यात कोतवाल पडला होता. म्हातारा कुत्रा, हाडं वर आलेली, एका डोळ्यात फूल पडलेलं. गळ्यात काटेरी लोखंडी पट्टा, लांडग्याला नरडं धरता येऊ नये म्हणून घालतात तो. आणि पट्ट्याला नवीकोरी साखळी.

“काय करत हुतास त्याला?” बुवांनी विचारलं.

“दूध पाजत हुतो. जबडा उघडून. थेंब घेईना झालाय.”

“आनि साखळी?”

मायाप्पानं टेम्पोकडं पाठ फिरवली.

“मेंढरामागचं कुत्रं कुनी बांधतं का रं?”

“पळतोय त्यो!” मायाप्पा ओरडला. देवळातली पारवी फडफडून उडाली. “उभं ऱ्हायची ताकद न्हाई, पन दिस कलला की उठतोय. फरफटत वढ्याकडं निघतोय. उचलून आनला, परत निघाला. मग बांधला.”

“कुठं निघालाय?”

“मराय! म्हाताऱ्या कुत्र्यांची खोडच हाय ती. कुठंतरी काट्याकुट्यात शिरायचं नि गपचिप मरायचं. माझ्या दारात न्हाई मरनार त्यो! बेइमान!”

बुवांनी तंबाखूची चिमूट दाढेला धरली...

मायाप्पाचा राग थांबेना. “बापानं ह्याला धोतराच्या सोग्यात गुंडाळून आनला हुता, एवढंसं पिल्लू. बाप गेला तवा मी कुनाच्या गळ्यात पडलो न्हाई. ह्याच्या मानंवर डोकं ठिवून बसलो. माझी पोरगी ह्याचा कान धरून चालाय शिकली. लांडग्याच्या अंगावर गेलेला असायचा, बरगडी फाटलेली असायची, पन मी हाक मारली की माघारी फिरायचा. एका हाकंत! आनि आता मला न सांगता चाललाय!”

“तुला सांगाय पायजे हुतं?”

“व्हय!”

“मग तू काय म्हनला असतास?”

“जाऊ नगंस म्हनलो असतो!”

“मग?”

मायाप्पा आणखी भडकला.

“भंडारा द्या, बुवा. बिरोबाला बोकड सोडतो. एवढा पावसाळा काढू दे त्याला. बाकी ग्यान नगं मला.”

बुवा उठले. देवापुढच्या परडीतला हळदीचा भंडारा मूठ भरून घेऊन टेम्पोपाशी गेले. एक बोट कोतवालाच्या कपाळाला टेकवलं. उरलेली मूठ त्यांनी साखळीवर ओतली. साखळी पिवळीधमक झाली.

“ह्ये काय?”

“तुझा भरवसा हिच्यावर. नवस हिलाच बोल.”

मायाप्पा लालबुंद झाला. “गुरू हाईसा म्हनून ऐकून घेतोय...”

“नगं ऐकूस!” बुवाही कडाडले. हातातली काठी त्यांनी त्याच्या छातीवर रोखली. “मुक्या जनावराचा जबडा फाडतोस, आनि वर त्यालाच बेइमान म्हनतोस?”

तेवढ्यात कुणीतरी गुरगुरलं.

कोतवालानं मान उचलली होती. पुढचे पाय थरथरत होते, मागचे उठतच नव्हते. धड डोळा काठीवर लावून, उरलेसुरले दात विचकून, तो बुवांवर गुरगुरत होता.

बुवांनी काठी खाली घेतली...

“बघ,” ते म्हणाले, “तुझा बेइमान.”

मायाप्पाला स्वतःचाच राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. त्यानं टेम्पोच्या फळीवर मूठ आपटली. चिंधीतून रक्त आलं.

“तुझ्या बापानं म्हाताऱ्या कुत्र्यांचं पट्टं उतरवलेलं बघितलंस का न्हाई?”

“बघितल्यात.”

मेंढक्यांत ही चाल जुनी आहे. कुत्र्याचा वखत भरत आला की घरच्या कर्त्यानं त्याचा पट्टा आपल्या हातानं काढायचा, मानेवरून हात फिरवायचा, आणि ‘लई राखलंस’ म्हणायचं. तोवर कुत्रं राखणीवर. घरी मायाप्पाच्या म्हाताऱ्या आईनं दोनदा आठवण करून दिली होती. दोन्ही वेळा तो तिच्यावर खेकसला होता.

“मग काढ.”

“न्हाई काढनार!”

बुवा टेम्पोपासून बाजूला सरले. मायाप्पानं एक शिवी हासडली. कुणाला, ते देवाला ठाऊक. मग तो हौद्यात चढला.

पट्ट्याची कडी गंजली होती. चावलेल्या हातानं ती निघेना. दातओठ खात, डोळे पुसत, त्यानं ती निखळवली. खालची कातडी केस झडून गुळगुळीत झाली होती. बापाच्या हयातीपासून तिला ऊन लागलं नव्हतं. मायाप्पानं तिच्यावरून हात फिरवला.

“लई... लई राखलंस रं,” तो म्हणाला. रागानंच म्हणाला.

त्यानं कोतवालाला उचलून खाली ठेवलं. कुत्र्यानं चिंधीचा वास घेतला, ती एकदा चाटली. मग तो देवळाखालच्या ओढ्याच्या बाजूला निघाला. चार पावलं फरफटत जायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. मायाप्पा मुठी आवळून उभा होता.

बाभळींच्या कडेला कोतवाल थांबला. आत शिरायच्या आधी त्यानं मान वळवून मागं पाहिलं.

मायाप्पानं छातीत दम भरला, तोंड उघडलं...

बुवांनी तंबाखूनं माखलेला तळवा त्याच्या तोंडावर गच्च दाबला.

“हाक मारू नगंस,” ते म्हणाले. “त्यो येईल.”