सगुणेचं पहिलं कोडं

फार फार वर्षांपूर्वीची, बोरखळीला अजून गाडीवाटही नव्हती तेव्हाची गोष्ट. सुपं-टोपल्या विणणारी सगुणा बुरडीण तिथं राहायची. तिचा आवाज असा खणखणीत, की तिनं हाक दिली की ज्वारीवरची पाखरं कणीस सोडून ऐकत बसायची, असं म्हणतात. बसतही असतील, आपण कुठं बघायला गेलो होतो!

ज्वारी हुरड्याला आली की गरिबाघरची पोरं राखणीला पिकातल्या उंच माळ्यावर बसायची. दिवसभर गोफण फिरवायची, पाखरं हाकायची, आणि बोलायला म्हणाल तर चिटपाखरू नाही. सगुणा टोपल्या विकायला बांधाबांधानं निघाली की प्रत्येक माळ्याखाली थांबायची, पोराला नावानं हाक मारायची आणि कोडं घालायची. परत येताना उत्तर घ्यायची.

ओढ्यापलीकडं तुळोबाचं शेत. तिथं त्याची पुतणी हौसा राखणीला असे. आईबाप गेलेलं एवढंसं लेकरू, शिळ्या तुकड्यावर राबायचं. पहिल्याच दिवशी सगुणेनं विचारलं, "हौसे, सांग बघू. सकाळी लांबडी, दुपारी पायात, हाती लागंना, सोबत सोडंना. कोण गं ती?"

पोरीनं तोंड उघडलं, तोच तुळोबा धावत आला. "ए बये, चालती हो! पोरीचं चित्त उडालं तर दाणे तू भरून देणार?" पुन्हा त्यानं सगुणेला बांध चढू दिला नाही. त्यानंतर हौसाशी कुणी बोललं, ते फक्त खेकसायला.

वर्षं लोटली. माळ्यावरची पोरं म्हातारी झाली. दात पडले, पण कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं ते घडाघडा सांगायची. हौसा त्यांच्यात धाकटी, तिचे तर केस अजून निम्मे काळे होते. एका सकाळी ती स्वतःच्याच दारात उभी राहून पोटच्या लेकाला म्हणाली, "कुणाचं घर रं हे, बाबा? पाणी मिळंल का?"

लेकाच्या हातातली घागर खाली पडली. गाव दारात गोळा झालं. लोक येऊन आपापलं नाव सांगायचे, ती नुसती बघत राहायची.

सगुणेनं तेव्हा शंभरी ओलांडली होती, असं म्हणतात. ती काठी टेकत आली. "मला ओळखलंस?" नाही. "बापाचं नाव काय तुझ्या?" तेही नाही. म्हातारीला काय करावं सुचेना, म्हणून तिनं जुनं कोडं घातलं. "सकाळी लांबडी, दुपारी..."

"सावली!" हौसानं पुरं होऊच दिलं नाही. "सावली गं. तीच होती तिथं. दुसरं कुणीच नव्हतं."

सगळं पुसलं गेलं होतं, पण तेवढं उत्तर तोंडात तसंच अडून राहिलं होतं. सगुणेनं ऊर बडवून घेतला. "अगं बाई गं! बांध चढू देत नव्हता, तर मी ओढ्याअलीकडनं हाक मारायची होती. माझा आवाज ओढ्यापार पोचला असता गं!"

आजही बोरखळीत हुरड्याची पहिली आगटी पेटवण्याआधी माणसं ओढा ओलांडतात. ज्या पोराशी बोलणारं कुणी नाही ते हुडकून काढतात, नावानं हाक मारून त्याला जवळ बसवतात आणि कोडं घालतात. त्याला सगुणेचं कोडं म्हणतात. उत्तर येईस्तोवर कुणी कणसाला हात लावायचा नाही, की पोराला घाई करायची नाही. एकदा एका पोरीनं पार दिवस मावळेपर्यंत विचार केला, असं म्हणतात. सारं गाव उपाशी बसलं. बसू दे की!