चार बोटं आखूड परकर

“खोट दाखवा म्हणतोय ना मी, उस्ताद. कुठं आहे खोट?”

अभिनंदन चौगुले कमरेवर हात ठेवून उभा होता. बाबालाल उस्तादांनी त्यानं केलेल्या लाकडी चौकटीवरून सावकाश तळहात फिरवला.

“नाही रे बाबा. कुठंच नाही.”

“मग पास करा की!”

“अजून पोरगी कुठं आलीय...”

मिरजेच्या सतारवाल्यांच्या गल्लीतली ही गोष्ट. उस्तादांची सारी हयात सतारी घडवण्यात गेली. मग एकदा एका डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडून स्टँडर करून घेतला. सेरेब्रल पाल्सीमुळं ज्या मुलांना आपल्या पायांवर उभं राहता येत नाही, त्यांना पट्ट्यांच्या आधारानं उभं करणारी ही चौकट. तेव्हापासून हेही काम उस्तादांच्या मागं लागलं.

सतार जमली की मगच शिष्यानं स्टँडरला हात लावायचा, असा त्यांचा शिरस्ता. गल्लीला तो उलटा वाटायचा.

अभिनंदनचा हा पहिलाच स्टँडर. पास झाला तर पुढची कामं तो एकट्यानं करणार, नाहीतर पुन्हा सतारीच्या खुंट्या तासत बसणार. पण नापास होण्याचा विचार त्याच्या डोक्यात कशाला येतोय! सागवान असं घोटलं होतं की त्यात तोंड बघून भांग पाडावा. समोरच्या बाजूला कमरेपासून खालपर्यंत वेलबुट्टी. पट्ट्यांना पितळी बक्कलं. खोटं कशाला बोलू, काम देखणंच होतं.

दुपारी बेडगहून सुवर्णा आली. कडेवर सहा वर्षांची लेक रेवती, खांद्याला कापडी पिशवी.

अभिनंदननं रेवतीला उभं केलं. पावलं खालच्या फळीवर, गुडघे टेकूंना, मांड्यांना पट्टा, कमरेला पट्टा, समोर हात ठेवायला फळी. माप सुतानंही चुकलं नव्हतं.

बघताबघता दारात गल्ली गोळा झाली.

“काय हात आहे पोराचा!”

“अहो, ही वेल तर बघा.”

“स्टँडर कसला, देव्हारा आहे देव्हारा,” शेजारच्या हलिमाखाला म्हणाल्या.

अभिनंदनची छाती फुगली. त्यानं उस्तादांकडं पाहिलं.

उस्ताद डोळे मिटून बसले होते. सतार ते अशीच तपासायचे. नक्षी बघायची नाही, डोळे मिटायचे आणि नुसतं ऐकायचं.

रेवतीची मान खाली गेली. मुठी आवळल्या. अंग लाकडासारखं ताठलं.

“काढा ओ तिला,” सुवर्णा म्हणाली. “भ्यालीय ती. मागल्या स्टँडरात बी असंच झालं. नगं आता. ऱ्हाऊ दे माझ्या कडेवरच.”

“असं कसं, ताई? माप बघा की! एवढं फिट्ट बसलंय...”

“माप काय करू मी?” सुवर्णाचा आवाज फुटला.

उस्तादांनी डोळे उघडले.

“वेल ऐकली. देव्हारा ऐकला,” ते म्हणाले. “पोरगी काय ऐकू आली नाही.”

मग ते सुवर्णाकडं वळले.

“बेटी, पिशवीत काय आहे?”

“परकर हाय हिचा,” सुवर्णा डोळे पुसत म्हणाली. “माझ्या भावाच्या लग्नासाठी शिवला. येता येता शिंप्याकडनं आणला.”

“घालून बघितलास?”

“कसा बघणार? उभी कुठं ऱ्हातीय ती? निजवूनच माप घेतलं हुतं.”

उस्ताद उठले. समोरची फळी त्यांनी काढून ठेवली. परकराची नाडी सैल केली आणि तो सुवर्णाच्या हातात दिला.

“वरून सोड. सगळ्याच्या वरून.”

“उस्ताद!” अभिनंदन पुढं आला. “अहो, सगळं झाकून जाईल की!”

उस्तादांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

सुवर्णानं परकर लेकीच्या डोक्यावरून खाली सोडला. घेर दांडगा होता. टेकू, पट्टे, पितळी बक्कलं आणि अभिनंदनची दोन महिन्यांची वेलबुट्टी, सगळं जांभळ्या खणाच्या आत गेलं. सुवर्णानं कमरेशी नाडी बांधली, काठ सारखा करायला खाली बसली, आणि बसूनच राहिली.

“अगं बया... आखूड झाला की ओ!”

“किती?”

“चार बोटं! चांगलं चार बोटं आखूड!”

“परकर कशाला आखूड होतोय?” हलिमाखाला म्हणाल्या. “पोरगीच उंच आहे गं तुझी! आणि तू हिला कडेवर घेऊन फिरतीस होय?”

सुवर्णा खालून वर लेकीकडं बघत राहिली. सहा वर्षांत लेकीकडं असं मान वर करून बघायची वेळ तिच्यावर आली नव्हती.

रेवतीची एक मूठ सुटली. मान हलली, पडली, पुन्हा हलली... आणि वर आली. तिनं दारातल्या सगळ्यांकडं एकेक करून पाहिलं.

“मी...” ती म्हणाली.

शब्द यायला वेळ लागला. कुणी तो तिच्या तोंडचा घेतला नाही.

“मी... मोठी.”

“व्हय गं माझी राणी! मोठी!” सुवर्णानं साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. “बघा ओ, माझी लेक केवढी उंच झालीय!”

मग कुणी तिचे डोळे आईवर गेलेत म्हटलं, कुणी नाक. लग्नात हिला नवऱ्यामुलाच्या शेजारी उभी करा, असंही ठरून गेलं. रेवती मान ताठ धरून सगळं ऐकत होती.

अभिनंदन भिंतीला टेकून उभा होता. त्याला आनंद झाला होता आणि वाईटही वाटत होतं, नि दोन्ही त्याच्या तोंडावर दिसत होतं.

“उस्ताद...”

“हं.”

“माझं काम कुणाला दिसलंच नाही.”

“कुणालाच नाही?”

“कुणालाच नाही.”

उस्तादांनी कोपऱ्यातली सागवानाची नवी फळी उचलून त्याच्यापुढं ठेवली.

“मग आता दुसरा एकट्यानं करायला घे.”