ठकूची बैठक

नवस बोलायचा एकाने, झिजायचे घरातल्या बाकीच्यांनी, आणि भाविक म्हणून मिरवायचे पुन्हा त्या बोलणाऱ्यानेच! हे आपल्याकडे फार जुने आहे. किती जुने, ते पाहायला गवळीवाड्याच्या वरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, जावे. तिथल्या डोहाच्या काठी एक काळा कातळ आहे. त्याच्या मधोमध, कुणी बसून उठावे तसा गुळगुळीत खळगा आहे. त्याला ठकूची बैठक म्हणतात. वाड्यातली बाबीआजी आल्यागेल्याला आधी त्या कातळावर टेकायला लावते, मगच सांगू लागते.

फार वर्षांपूर्वी सड्यावर साथ आली, असे सांगतात. म्हशींचे गळे सुजत आणि संध्याकाळपर्यंत खेळ आटोपे. कोंडू ढेबे या गवळ्याच्या सात म्हशी तेवढ्या उरल्या. तो सड्यावरच्या जननीच्या देवळात धावला आणि बोलून बसला, "आई, एवढ्या सात राख. वर्षभर माझ्या घरातलं कुणी दिवसा बूड टेकणार नाही. जास्तीचं सगळं तूप तुझ्या दिव्याला."

म्हशी जगल्या. घरी येऊन त्याने नवस सांगितला तेव्हा त्याची बायको ठकू पोटुशी होती. तिला कुणी विचारले नव्हते.

कोंडू लबाड नव्हता, हेही खरे. तो स्वतः उभ्यानेच भाकरी खाई, त्याची म्हातारी आईही. पण ठकूही उभ्यानेच दळी, उभ्यानेच ताक घुसळी, आणि लेक झाल्यावर तिला पाजीही उभ्यानेच. भर दुपारी म्हशी डोहात शिरून रवंथ करू पाहत, तर कोंडू त्यांनाही हुसकून चरायला नेई. घरातलं कुणी म्हणजे म्हशीही आल्याच, असे त्याचे म्हणणे. दूध कमी होऊ लागले. त्याला वाटले, देवीला आपले कष्ट पुरत नाहीत. मग तो सगळ्यांना पहाटे आणखी लवकर उठवू लागला.

नवसाच्या आठव्या महिन्यात, ऐन चैत्रात, ठकूचे स्वतःचे दूध आटले. लेक दोन दिवस नुसती चोखून चोखून रडत होती, तिसऱ्या दिवशी रडायचीही थांबली. त्या शांततेला ठकू घाबरली.

ती लेकीला घेऊन कोंडूकडे निघाली, तर तो डोहाशी मोरी म्हशीला काठीने मारत होता. मोरी पाण्यात बसली होती आणि हलत नव्हती. मार खात होती, डोळे मिटून रवंथ करत होती. ठकूने क्षणभर तिच्याकडे पाहिले. मग पुढे गेली, पाय पाण्यात सोडले आणि कातळावर बसली.

"ऊठ, ठके! सातीच्या साती जातील! देवी बघतीय!"

"बघू दे. ती तरी कुठं उभी हाय? बसलीयच की देवळात."

"नवस मोडतोय गं!"

"तोंड तुमचं होतं. पाय आमचे गहाण घातलेत."

कोंडूने काठी टाकली. सूर्य कलेपर्यंत तो एकेका म्हशीचा गळा चाचपत राहिला. सूज कुठेच आली नाही. उलट ठकूखालचा कातळ मेणासारखा मऊ झाला, म्हणे, आणि डोहाचे पाणी चढून तिच्या गुडघ्यांना लागले. तिन्हीसांजेला मोरीने चरवी भरून फेसाळ दूध दिले. त्याच्या आधीच ठकूला पान्हा फुटला होता, आणि लेक पिऊन तिच्या मांडीवर झोपली होती.

आजही उन्हे डोक्यावर आली की म्हशी डोहात उतरतात आणि त्या बाहेर येईपर्यंत वाड्यात कुणी कुणाला काम सांगत नाही. रवी घुसळता घुसळता अर्ध्यावर थांबते. नवी सून आली, की उंबरा ओलांडण्याआधी तिला या खळग्यात बसवतात आणि नवरा तिच्या हातात भाकरी देतो.

मात्र त्या दुपारी ठकू फार वेळ एकटी बसली नव्हती, असे बाबीआजी सांगते. कोंडूची म्हातारी आई काठी टेकत सडा चढून आली. तिने सुनेकडे पाहिले, मुलाकडे मात्र पाहिलेही नाही. मग कण्हत कण्हत खाली बसू लागली.

"सरक गं जरा," ती म्हणाली. "आठ महिने वाट बघतीय, आधी कोण बसतंय त्याची."